चौकोनात न मावणारा कुत्रा

पाळीव प्राण्यांच्या ऑनलाइन दुकानाचं लिखाण माझ्याकडे आलं तेव्हा डिझाइन 'जवळजवळ झालेलं' होतं. म्हणजे चौकोन तयार होते. मी त्यांच्या मापानं लिहायचं. आधी ब्लाउज शिवून ठेवायचा आणि मग बाईंना श्वास रोखून धरायला सांगायचं, तसला प्रकार. रिकाम्या जागी तात्पुरता 'लोरेम इप्सम' हा जागा भरायचा निरर्थक मजकूर टाकलेला. शेठनी चष्मा सारखा करत विचारलं, "ही जात ठेवतो आपण?"

पट्ट्यांच्या पानावर मला एक ओळ मंजूर झाली. आता कुत्र्याची मान फितीनं मोजायची, पट्टा बांधल्यावर आत दोन बोटं सहज जायला हवीत, एवढं तरी सांगायलाच हवं. शिवाय आमचं निम्मं गिऱ्हाईक सांगलीकडचं, कारवानीवालं. त्या कुत्र्याचं डोकं इतकं निमुळतं की साधा पट्टा कानांवरून सरळ बाहेर येतो.

"'मान मोजा, बोटं घाला' एवढं बसेल," डिझाइनर म्हणाली.

"अगं, पण कुठे घाला?"

"काका, त्याला आयकॉन आहे ना!"

आयकॉनमध्ये एक हात कुत्र्याचा गळा दाबत होता. कुत्रा अर्थातच गोल्डन रिट्रीव्हर. कारवानीचा फोटो लावून पाहिला, तर त्याचे पाय चौकोनाबाहेर गेले.

खाऊच्या पाकिटाचं वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचा पत्ता, मूळ देश हे सगळं कायद्यानं दाखवावंच लागतं. ते पांढऱ्यावर फिक्कट राखाडी रंगात गेलं; कायदा पाळला, वाचायची सोय कुणी मागितली होती? ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलेलं, त्यामुळे वरच्या वेलांट्या-अनुस्वार छाटले गेले आणि खालचे उकारही. 'कुत्री-मांजरी' विभागाचं 'कत्रा-माजरा' झालं. शेठना ते नाव आवडलं. म्हणाले, ब्रँड वाटतो.

पक्ष्यांच्या पानावर लाल चोचीचा हिरवागार पोपट. मी सांगितलं, हा विकायलाच काय, पाळायलाही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे.

"आपण कुठे विकतोय काका? नुसता बसवलाय."

शेठ मात्र घाबरले. "काढा, काढा!"

"काढला तर सगळा लेआउट हलेल," ती म्हणाली. "निळा करू?"

केला. दुकान सुरू झालं आणि पहिली चौकशी त्या निळ्या पोपटाचीच आली. शेठ मला विचारताहेत, कुठून मागवायचा.