बुटकं स्टूल

परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या गुडघ्यांकडे बघत विचारलं, "आता बरं आहे ना?" मला काहीही झालेलं नव्हतं. जे झालं होतं ते फोटोत झालं होतं.

फोटो जपानमधल्या उजीचा. अकरा माणसं ततामीवर, म्हणजे तिथल्या गवती चटईवर, गुडघे मोडून ओळीनं बसलेली. त्यांच्या टोकाला, सत्यनारायणाला आलेल्या आजोबांना भिंतीकडेची खुर्ची देतात तसा, एका बुटक्या लाकडी स्टुलावर मी. खाली मजकूर : 'उजी येथे चहापान. ज्येष्ठांची सोय उत्तम.' माझं वय सत्तेचाळीस. मजकूर लिहिणाऱ्या अण्णांचं बहात्तर. फोटो सोसायटीत पोचवला माझ्या बायकोनं, कारण त्यात तिची साडी छान दिसते.

उजी क्योटोच्या दक्षिणेला आहे. १०५३ साली बांधलेला तिथला फिनिक्स मंडप जपानच्या दहा येनच्या नाण्यावर असतो. गावभर चहाचा वास. चहाचं आइस्क्रीम, चहाच्या शेवया, चहाचे मोदकासारखे काहीतरी गोळे. आमच्या टूरच्या कागदावर तिथं लिहिलं होतं, 'पारंपरिक चहा समारंभ (४५ मिनिटे)'. शेकडो वर्षांची परंपरा पाऊण तासात, आणि पुढं कंसात 'स्वच्छतागृहाची सोय आहे'.

अण्णा आमच्या टूरमधले, सांगलीचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. चहाच्या दुकानाच्या दारात दगडी जातं संथ फिरत होतं आणि त्यातून पोपटी पूड निघत होती. आमची गाईड, पुण्यात जपानी शिकलेली चुणचुणीत मुलगी, म्हणाली की तासाला साधारण चाळीस ग्रॅम माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, निघतो. अण्णा थांबले.

"ताशी चाळीस ग्रॅम? आमच्याकडं हळदीच्या गिरणीत एवढंच निघालं तर मालक हिमालयात जाईल की!"

जोरात फिरवलं तर जातं तापतं आणि वास मरतो, असं तिनं सांगितलं. यावर अण्णा गंभीर झाले. "हे मात्र खरं. हळदीचंबी तसंच असतंय." मग त्यांनी जात्याला हात लावून पाहिला. हात लावू नये अशी पाटी होती, पण ती जपानीत होती.

चहाघराचं दार म्हणजे भिंतीतली खिडकीच, जेमतेम दोन फूट. ही सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यूची पद्धत. सामुराई असला तरी तलवार बाहेर ठेवायची आणि रांगत आत यायचं. हा थोर चहागुरू, आणि १५९१ साली ज्याला चहा पाजत होता त्या सत्ताधीश हिदेयोशीनंच त्याला पोट चिरून घ्यायला लावलं. अण्णा म्हणाले, "वाड्याचा दिंडी दरवाजाच हा!" आणि उंदरासारखे आत गेले. मी तलवारीसारखाच बाहेर राहतो की काय असं वाटत होतं. मागून बायकोनं ढकललं.

आत बसायचं ते सेझा पद्धतीनं.

"हे आपलं वज्रासन," अण्णांनी जाहीर केलं. "जेवण झालं की रोज वीस मिनिटं बसतो मी. तुम्ही?"

मी जेवण झालं की आडवा होतो. हे बोललो नाही, पण पोटाकडे बघून त्यांना कळलं असावं.

तीन मिनिटांत पायाला मुंग्या आल्या. पाचव्या मिनिटाला पाय आहेत की नाहीत ते कळेना. मी जरासा डावीकडे कललो. किमोनोतल्या साठीच्या बाई समोर बांबूच्या फेसणीनं चहा घुसळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त कुणाला तरी हळूच काहीतरी सांगितलं आणि माझ्यामागे ते स्टूल आलं. विचारलं असतं तर मी ठाम नको म्हणालो असतो. विचारलंच नाही. जपानी सभ्यता माणसाला अशी गाठते.

"बसा, बसा," अण्णा म्हणाले. "लाजायचं काय त्यात. वय होतंच."

मग त्यांनी गाईडला हाताशी धरलं. "बाईंना विचार, ह्यानं शुगर किती उतरते?"

तिनं बराच वेळ काहीतरी विचारलं. बाईंनी फेसणी खाली ठेवली, खरोखर काळजीनं विचार केला आणि अगदी हळू उत्तर दिलं.

"त्या म्हणतात, आधी मिठाई संपवा. मग चहा कडू लागणार नाही."

"शुगर उतरवायला आधी गोड खायचं?" अण्णा माझ्याकडे वळले. "मग आमचा डॉक्टर काय येडा हाय व्हय?" एवढं बोलून त्यांनी कागदावरचा, आत गोड पुरण असलेला गोळा तोंडात टाकला. मग माझ्याही कागदाकडे हात केला. "तुम्ही नका खाऊ. गुडघ्यांवर भार येतो." आणि खाल्ला! वाटोळा, गुलाबी, चेरीच्या फुलाच्या आकाराचा. मी त्याचा फोटोसुद्धा काढला नव्हता.

वाडगा हातात आला की त्याची दर्शनी बाजू आपल्या ओठांना लागू नये म्हणून तो थोडा फिरवून प्यायचा. "किती डिग्री?" अण्णा. बाईंनी हातानं दाखवलं. अण्णांनी कालव्याचं गेट उघडावं तसा तो दोन टप्प्यांत फिरवला. शेवटचा घोट मात्र आवाज करून ओढायचा, म्हणजे यजमानाला समजतं की चहा संपला. हे ऐकताच अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी असा काही फुरका मारला की कोपऱ्यातलं फूल हललं असेल. मग वहिनींकडे वळून विजयी मुद्रेनं म्हणाले, "चाळीस वर्षं बोलत होतीस."

माझ्या वाट्याला चहा मिठाईशिवाय आला. कडू, दाट, ओल्या गवताचा वास. दुसऱ्या घोटाला चक्क आवडला. याचंच जास्त वाईट वाटलं. कारण गेली दोन वर्षं मी ग्रीन टी पीत होतो आणि एक दिवसही तो आवडला नव्हता. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराईड आले, डॉक्टर म्हणाले दुधाचा चहा सोडा. तेव्हापासून ऑफिसच्या मशीनच्या खदखदत्या पाण्यात पिशवी बुडवून काढा घेतल्यासारखा घ्यायचो. उजीत कळलं की साध्या सेंचाला, म्हणजे पानांच्या रोजच्या हिरव्या चहालासुद्धा, सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी लागतं. उकळत्या पाण्यात कडूपणा भसाभसा उतरतो. म्हणजे दोन वर्षं मी पैसे देऊन शिक्षा भोगत होतो. खोक्यावर सडपातळ बाईचं चित्र होतं. पाणी किती गरम हवं, ते नव्हतं.

वजनाचं तर बोलूच नका. २०१२ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं ग्रीन टीचे प्रयोग एकत्र तपासले. उतरणारं वजन जवळपास नगण्य निघालं. जपानच्या मियागी भागात चाळीस हजारांवर लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवलेला अभ्यास २००६ साली आला. दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांत हृदयविकारानं आणि पक्षाघातानं मरणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं, कर्करोगात फरक नव्हता. पण ती माणसं मासे खातात, भरपूर चालतात आणि रोज गुडघे मोडून बसतात. मी पाच कप पिऊन लिफ्टनं पहिल्या मजल्यावर जातो. वर जेवणाबरोबर प्यायला तर भाजीतलं लोह कमी अंगी लागतं, हेही खोक्यावर नव्हतं. आमची आई अजून समजते की मी परसातला गवती चहा पितो. ती बिचारी खोक्यापेक्षा कमी खोटं बोलते.

अण्णांना मात्र याबाबतीत दोष देता येत नाही. ११९१ मध्ये एइसाई नावाच्या भिक्षूनं चीनहून चहाचं बी आणलं आणि पुढं त्यानं पुस्तक लिहिलं तेही चहा आरोग्याला कसा चांगला याचंच. १२१४ साली शोगुनला, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाला, आदल्या रात्रीची जास्त झाली होती, तेव्हा त्याला उतारा म्हणून एइसाईनं चहाच पाजला. म्हणजे 'ह्यानं काय उतरतं?' हा प्रश्न आठशे वर्षं जुना. अण्णांनी फक्त शुगर घातली.

समारंभ संपला. बाई वाकल्या, आम्ही वाकलो. सगळे उठले. अण्णा उठले नाहीत. दोन्ही हात जमिनीवर टेकले, चेहरा शांत ठेवला, आणि काहीच झालं नाही. रोजचं वज्रासन वीस मिनिटांचं, इथं पाऊण तास झाला होता. शेवटी एक हात माझ्या स्टुलावर आणि दुसरा माझ्या खांद्यावर, असे ते टप्प्याटप्प्यानं वर आले. "स्टूल मजबूत हाय," म्हणाले. त्या प्रसंगाचा फोटो नाही. फोन अण्णांच्या खिशात होता आणि अण्णा माझ्या खांद्यावर.

काल रात्री त्यांचा फोन आला. उजीतून आणलेल्या माच्च्याच्या डब्याचं काय केलं, विचारत होते. चाळीस ग्रॅमचा डबा, म्हणजे त्या जात्याचा एक तास; किंमत बायकोला अजून सांगितलेली नाही. मी म्हटलं, रोज थोडा पितो, पाणी निववून.

"आमच्या हिनं ढोकळ्यात घातला," अण्णा म्हणाले. "हिरवागार झाला. शुगर हाय तिथंच हाय."

मग मी मुद्दामच विचारलं, "आणि गुडघे काय म्हणतात?"

पलीकडे क्षणभर शांतता.

"कुणाचे?" अण्णा म्हणाले. "तुमचे ना?"