‘तुमच्या अ‍ॅपने माझी चांगली फाइल खराब केली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. अ‍ॅपला ७ भागांची आरएआर फाइल (अनेक फाइली दाबून लहान करून बांधलेला गठ्ठा) झिपमध्ये, म्हणजे तशाच दुसऱ्या प्रकारच्या गठ्ठ्यात, बदलायला लावलीत, पाऊण तास थांबलात आणि ४० टक्क्यांवर काम बंद पडलं. तुमचा वेळ वाया गेला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. स्क्रीनवर नुसतं ‘फाइल उघडता आली नाही’ एवढंच आलं, कोणत्या भागाशी अडलं ते आलं नाही, ही चूक सर्वस्वी आमची.

पण ‘चांगली फाइल खराब केली’ हे मला सोडून देता येत नाही. आमचं अ‍ॅप मूळ भागांना हात लावत नाही. ते भाग फक्त वाचतं आणि नवी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये तयार करतं. हे पहिल्या दिवसापासून तसंच ठेवलंय, कारण लोकांच्या फाइली म्हणजे लोकांचा जीव असतो, हे आम्हालाही कळतं.

तुम्ही मेलसोबत फोल्डरचा स्क्रीनशॉट पाठवला होतात. तो मी मोठा करून ओळ न् ओळ पाहिला. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा, सहावा असे पाच भाग प्रत्येकी १००० एमबीचे. सातवा ४०० एमबीचा, ते बरोबरच आहे, शेवटच्या भागात उरलंसुरलं जातं. तिसरा मात्र ६११ एमबीचा. एकाच मापाने पाडलेल्या भागांत मधलाच लहान दिसला, की डाउनलोड अर्ध्यात तुटलं असं समजावं. आणि सगळ्यात खाली ‘पार्ट३’च्या पुढे कंसात १ लिहिलेली आणखी एक फाइल होती, ती पूर्ण १००० एमबीची! म्हणजे तुम्ही तो भाग पुन्हा उतरवला होतात, पण जुना तिथेच असल्यामुळे ब्राउझरने नव्याच्या नावाला (१) जोडला. अ‍ॅप पुढचा भाग नावावरून शोधतं, त्यामुळे त्याच्या हाती तुटकाच लागला.

हे सगळं मी तुम्हाला ४० मिनिटांत मेलने कळवलं होतं, तेही रात्री पावणेबाराला. त्यावर तुमचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी थेट रिव्ह्यू आला, आणि त्यात ‘सपोर्ट नावालाच आहे’ असंही लिहिलंत. ते फार लागलं. हे अ‍ॅप आम्ही दोघंच चालवतो आणि आमचं घर त्यावरच चालतं. नवा माणूस आधी रिव्ह्यू वाचतो, मगच अ‍ॅप घेतो.

‘बाकीचे सहा भाग तरी बदलून द्यायचे’ असं तुमचं म्हणणं आहे. ते सात भाग म्हणजे सात वेगळ्या फाइली नव्हेत, एकच सलग डेटा कापलेला आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी अर्धवट राहिलेलं तिसऱ्यात पुढे सुरू होतं. झिप करायची तर आधी सगळं बाहेर काढावं लागतं, मग नव्याने दाबावं लागतं. तुम्ही फाइलच्या नावातलं शेवटचं .आरएआर पुसून .झिप लिहून पाहिलंत, त्याने आतलं काही बदलत नाही. फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून ती आरएआर आहे हे अ‍ॅपला तरीही कळतं.

पुढच्या अपडेटमध्ये काम सुरू होण्याआधीच भागांचे आकार तपासून कोणता भाग तुटका आहे ते नावानिशी सांगू. कंसातल्या आकड्यांचंही काहीतरी करतोय. पैसे परत हवे असतील तर त्याच मेलवर कळवा, लगेच देऊ.

पण त्याआधी एकदा एवढं करून बघा. ६११ एमबीचा तिसरा भाग काढून टाका, मगच पूर्ण १००० एमबीच्या तिसऱ्या भागाच्या नावातला (१) आणि त्याआधीची मोकळी जागा पुसा. ज्या भागांची नावं .झिप केली असतील ती पूर्ववत .आरएआर करा आणि पहिल्या भागापासून पुन्हा चालवा. तरीही अडलं, तर रात्री कितीही वाजता लिहा.