अण्णा गेले तेव्हा आम्ही डोळे मिटले होते

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका मी पाहिली आहे असे मी चारचौघांत सांगत आलो असलो, तरी खरे बोलायचे तर ती मी ऐकली आहे. पावलांचा आवाज, दाराची करकर आणि त्यामागून चढत जाणारे संगीत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माझे डोळे आपोआप मिटत आणि ते उघडत थेट कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात सुरू झाल्यावर. या साधनेमुळे नाईकांच्या वाड्यातला कोणता दरवाजा वाजला हे मी उशीआडून सांगू शकत असे. तो कोणी उघडला, एवढे मात्र विचारायचे नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. झी मराठीवरच्या या मालिकेचे पहिले पर्व २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाले ते अण्णा नाईकांच्या मृत्यूने. बाप गेला, मुले गावच्या वाड्यात जमली आणि मग जे घडू लागले त्याने ऑक्टोबरपर्यंत महाराष्ट्राची झोप उडवली. कोकणाची बदनामी होते आणि अंधश्रद्धेला खतपाणी मिळते अशी तक्रार तेव्हा झाली होती. दुसरीकडे सावंतवाडीजवळच्या आकेरीत, जिथे चित्रीकरण चाले, तो वाडा पाहायला माणसांची रीघ लागली होती. पुढे १४ जानेवारी २०१९ पासून दुसरे पर्व आले आणि ते पहिल्याच्या मागे गेले, म्हणजे अण्णा जिवंत असतानाच्या काळात. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता ही जोडी घराघरांत पोहोचली ती याच पर्वात. आता माझ्यासारख्या मनुष्याला यात केवढी सोय आहे ते पाहावे. या पर्वाची गाडी अण्णांच्या मरणाच्या स्थानकाकडे निघालेली आहे, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ज्याचे तेरावे आपण २०१६ मध्येच जेवलो, तो मनुष्य २०२० मध्ये मरणार म्हणून घाबरण्याचे काही कारण नव्हते. तरीही २९ ऑगस्ट २०२० रोजी, शेवटच्या भागाच्या दिवशी, माझे हात दुपारी चारपासूनच गार पडू लागले होते.

ते वर्षच विचित्र होते. मार्चमध्ये चित्रीकरणे थांबली आणि टाळेबंदीचे साडेतीन महिने अण्णा आहे त्याच अवस्थेत, ना मेलेले ना जगते, असे लोंबकळत राहिले. जुलैच्या मध्यात नवे भाग सुरू झाले, पण तोवर गणपती तोंडावर आले होते आणि गावी जायचे तर ई-पास, शिवाय तिथे पोहोचल्यावर दहा दिवस वेगळे राहण्याची अट. अकरा दिवसांच्या गणपतीसाठी दहा दिवस शाळेच्या खोलीत काढावेत, हा हिशेब काही बसेना. त्यामुळे कुडाळजवळच्या आमच्या घरी गणपतीपाशी एकटी आत्या आणि डोंबिवलीतल्या दीड खोलीत आई, सौ., चिरंजीव आणि मी, अशी वाटणी झाली. जन्मात पहिल्यांदा चतुर्थीला कोकण पाहायला मिळाले ते फक्त पडद्यावर, आणि तेही भुतांसकट.

भीतीच्या बाबतीत आमच्या घरात समानता आहे, मात्र ती कबूल करण्याची पद्धत प्रत्येकाची निराळी आहे. संगीत चढू लागले की सौ.ला दूध उतू जात असल्याचा भास होतो आणि ती स्वयंपाकघरात जाते; रात्री अकराच्या सुमारास आमच्या गॅसवर कधीही दूध नसते. चिरंजीव चेहऱ्यावर दोन्ही हात ठेवून बोटांच्या फटींतून पाहत असल्याचे सांगतो, पण त्या फटी मी तपासल्या आहेत. (डोंबिवलीत जन्मलेला हा मुलगा मालवणी शिकला तो आमच्याकडून नव्हे, तर मालिकेतल्या पांडूकडून, गृहपाठ विचारला की ‘इसरलंय’ म्हणून मोकळा होतो.) आई माळ घेऊन रामरक्षा पुटपुटते. रामनामाने रक्षिलेल्या मनुष्याकडे भुते डोळा वर करून पाहूही शकत नाहीत, असे त्या स्तोत्रात आश्वासन आहे. आमच्या घरी त्याचा परिणाम नेमका उलटा होऊन भुतांकडे पाहणे आम्हालाच अशक्य झाले होते.

त्या रात्री जेवणे साडेनऊला उरकली. ज्याला न्हाणीघरात जायचे त्याने आताच जाऊन यावे, नंतर कोणीही सोबत येणार नाही, अशी सूचना मी कुटुंबप्रमुख या नात्याने दिली आणि पहिला मीच गेलो. दिवाणखान्यातला दिवा चालू ठेवावा की बंद करावा यावर चर्चा होऊन तो चालू ठेवण्याचा ठराव एकमताने संमत झाला, कारण दिव्याखाली बसून टीव्ही पाहिल्याने म्हणे डोळ्यांना त्रास कमी होतो. मालिका सुरू झाली. पहिली दहा मिनिटे मी खरोखरच पाहिली आणि माझ्या धैर्याचे मलाच कौतुक वाटू लागले. एवढ्यात ते संगीत आले, अगदी तळापासून, विहिरीतून कोणी घागर ओढावी तसे. मी उशी वर घेतली. शेजारी माळेची गती वाढली. स्वयंपाकघरात नसलेले दूध उतू गेले. पुढे किती वेळ गेला ते सांगता येत नाही, पण उशी खाली आली तेव्हा पडद्यावर नामावली सरकत होती आणि दीड वर्ष ज्या क्षणाची वाट पाहिली तो होऊन गेला होता.

“काय झाले नेमके?” असे मी अत्यंत सहज स्वरात विचारले. सौ. म्हणाली, “अहो, मी दुधापाशी होते, तुम्हीच पाहत होतात ना?” मी चिरंजीवाकडे पाहिले, त्याने आजीकडे पाहिले आणि आजी म्हणाली, “अरे, तुम्ही सगळे बघताय म्हणून तर मी निर्धास्तपणे डोळे मिटून जप करत होते!” घरातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर घाबरला होता. अण्णा चार माणसांच्या देखत गेले आणि साक्षीदार एकही नाही, हा प्रकार मालिकेतल्या नेने वकिलांकडे नेण्यासारखाच होता.

रविवारी सकाळी मी आत्याला फोन लावला. परड्यात दिवा न घेता जाणारी आणि वाटेतल्या देवचाराला, म्हणजे कोकणातल्या भुताला, “जरा बाजूक हो” म्हणणारी ही बाई तरी डोळे उघडे ठेवून बसली असेल, असा माझा कयास होता.

“मी खंयचा बघतंय?” ती म्हणाली. “घरात गणपती बसलेलो आसताना भुता कोण बघतलो? आणि अण्णा मेलो तेका साडेचार वर्सा झाली मरे. तुमका आत्ता खबर गावली?”

यावर उत्तर नव्हते. (तसे पाहिले तर मेल्यानेही त्या गृहस्थांचे काही अडले नाही, २०२१ मध्ये तिसरे पर्व निघाले आणि ते शेवंतेसह परत आले.)

अखेर दुपारी एक वाजता, पडदे सारून, खिडक्या उघडून आणि खाली भाजीवाला ओरडत असताना आम्ही तोच भाग मोबाइलवर पुन्हा लावला. भीती दिसण्यात नसून आवाजात असते, तेव्हा आवाजच बंद करावा, ही युक्ती चिरंजीवाची. ती सर्वांना पटली. अडचण फक्त माझी झाली. संगीतच नसल्यामुळे डोळे नेमके केव्हा मिटायचे हे मला कळेना, म्हणून खबरदारी म्हणून मी ते सुरुवातीपासूनच मिटून घेतले.