मिक्सर निर्दोष आहे

पुण्यात गुरुवार हा देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार, त्या दिवशी दिवे गेले तर माणूस महावितरणला चार शब्द सुनावून मोकळा होतो. खरा ताप उरलेल्या सहा दिवसांचा. डिसेंबरातली थंडी, डोक्याला शाम्पू आणि बाथरूममध्ये मिट्ट काळोख. आतून आवाज येतो, "सगळ्यांचे गेलेत का?" समोरच्या विंगमध्ये दिवे लख्ख असतात. म्हणजे आपलाच ईएलसीबी, करंट गळला की वीज तोडणारा खटका, पडलाय.

आता आरोपी शोधायचा. नेमका त्याच क्षणी स्वयंपाकघरात चटणीचा मिक्सर लागलेला असतो, म्हणून त्यालाच पकडतात. सोसायटीतले एक काका सांगतात, "लोड जास्त होतोय, मोठा बसवा." ईएलसीबीला लोडशी काही देणंघेणं नसतं, ते काम बोर्डातल्या छोट्या खटक्यांचं, म्हणजे एमसीबीचं. ईएलसीबी हा गृहस्थ भिशीच्या काकूंसारखा फक्त हिशेब बघतो: फेजमधून गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत आलं का? 30 मिलीअँपिअरचा असेल, तर 15 ते 30 च्या दरम्यान तूट दिसली की खटका खाली.

खरी गंमत इथेच आहे. गीझरचं साधं बटण बंद केलं की तुटते फक्त फेज. न्यूट्रल एलिमेंटला, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कांडीला, चिकटलेलीच राहते. एलिमेंट न्यूट्रलच्या टोकाकडे फुटला असेल, तर ती टाकीतून थेट अर्थिंगला टेकते. मग मिक्सर लावा, इस्त्री लावा, त्यांचा परतीचा करंट थोडा न्यूट्रलने आणि थोडा अर्थिंगने निघून जातो. हिशेब चुकतो. बंद असलेला गीझर खटका पाडतो आणि मिक्सर बिचारा दुरुस्तीच्या दुकानात जाऊन येतो.

म्हणून नुसती बटणं बंद करून भागत नाही. प्लग उपटा, सगळे. एमसीबी खाली, ईएलसीबी वर, मग एकेक एमसीबी चढवा. सगळे एमसीबी खाली असताना आणि प्लग निघालेले असतानाही तो टिकत नसेल, तर दोष वायरिंगच्या न्यूट्रलमध्ये किंवा खुद्द ईएलसीबीत. तिथे वायरमनला बोलवा. इन्व्हर्टर बसवताना कुणी घरातल्या न्यूट्रल एकत्र केल्या असतील, तरी हेच होतं. टिकला, तर एकेक प्लग लावत जा. पडेल तो आरोपी.

आरोपी गीझर निघाला, की मल्टीमीटर काढा. प्लग बाहेर, थर्मोस्टॅट चालू. दोन बारक्या पिनांमध्ये 2000 वॅटच्या एलिमेंटला साधारण 26 ओहम दिसायला हवेत. अर्थिंगची जाड पिन आणि बाकीच्या कुठल्याही पिनेत मात्र काहीच दिसता कामा नये. पाच-दहा किलोओहम दिसले, तर खटला संपला. काहीच दिसलं नाही, तरी निर्दोष सुटका नाही: मल्टीमीटरची बॅटरी किरकोळ, आणि काही एलिमेंट तापल्यावरच गळतात. वायरमनकडे 500 व्होल्टचा मेगर (गळती तपासायचं यंत्र) असेल, तर तो खरं बोलायला लावतो.

एलिमेंट का बिघडतो? बोअरचं आणि टँकरचं जड पाणी. क्षाराचा पांढरा थर बसतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही, तांब्याचं आवरण तडकतं. आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, ती ओल शोषते. उन्हाळाभर आणि पावसाळाभर गीझर बंद ठेवून पहिल्या थंडीत चालू केला, की खटका पडतो तो यामुळेही.

यावर सोसायटीचा दुसरा तज्ज्ञ सुचवतो, "अर्थिंगची वायर काढून टाका, पडणारच नाही." बरोबर आहे, पडणार नाही, गळता करंट मात्र टाकीवर आणि नळावर बसून राहील, वाट बघत. ओल्या पायांनी शॉवर सोडायला जाणारा माणूस मग अर्थिंगचं काम स्वतःच करतो. असल्या सल्ल्याला हसून नाही, स्पष्ट "नाही" म्हणावं.

जुना एलिमेंट हातात घेऊनच तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, जा. फ्लँज (एलिमेंटची बसायची चकती), बोल्टची जागा, वॅट सगळं जुळलं पाहिजे. रबराचा गॅस्केट नवा घ्या, जुन्यावर बचत केली तर तिथूनच पाणी गळेल. जुना खोलण्याआधीच प्लग काढा, गीझरला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा, टाकी रिकामी करा. बसवल्यावर गरम नळातून धार सलग येईपर्यंत वीज देऊ नका. कोरडा एलिमेंट क्षणात जळतो.

मग ईएलसीबीवरचं टी (टेस्ट) बटण दाबून बघा. खटका पडला नाही, तर तोही बदला. फक्त दाबण्याआधी घरात कुणाची ऑनलाइन मीटिंग चालू आहे का, ते विचारून घ्या.