पट्टीचा पुसणारा

पुण्याहून मेहुणे आले होते. जेवण झालं, पान झालं आणि शतपावलीच्या निमित्ताने ते खाली कंपाउंडमध्ये जाऊन नेमके माझ्या गाडीपाशी उभे राहिले. गाडी सात वर्षांची आहे. डाव्या बाजूने पाहिली तर पाच वर्षांची वाटते. मेहुण्यांनी ती उजव्या बाजूने पाहिली. दरवाज्याच्या काचेखालून बोटभर रुंदीची एक चकचकीत पट्टी जाते. तिच्यावरून त्यांनी तर्जनी फिरवली, ती नाकापाशी नेली (का, ते त्यांनाच ठाऊक) आणि निकाल दिला, "पाण्याचे डाग. मुंबईचं पाणीच खराब हो, भाऊजी."

आता मुंबईच्या माणसाला लोकलबद्दल बोला, घामाबद्दल बोला, घराच्या आकाराबद्दल बोला. तो ऐकून घेईल, वर स्वतःच्या चार शिव्या जोडून देईल. पाण्याबद्दल मात्र बोलायचं नाही. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा, तानसा 1892 चा. पावसाळ्यात पेपर हातात आला की राशिभविष्याच्या आधी सात तलावांची पातळी बघणारी माणसं आम्ही. तानसाच्या जलवाहिन्या आमच्या मुलुंडवरून शहरात जातात, त्यामुळे मला तर ते घरचंच पाणी वाटतं. आणि ते इतकं मऊ, की अंगाला लावलेला साबण निघता निघत नाही. हे सगळं मी मेहुण्यांना तिथेच, कंपाउंडमध्ये, तारखांसकट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पुन्हा पट्टीकडे बोट केलं आणि म्हणाले, "मग हे काय?"

ते गेल्यावर मी चष्मा लावून खाली उतरलो. सात वर्षांत पहिल्यांदाच त्या पट्टीकडे नीट पाहिलं. पांढुरके गोल, एकापुढे एक. प्रत्येक गोलाची कड जाड आणि मध्यभाग जवळजवळ स्वच्छ. थेंब सुकताना त्यातले क्षार कडेला सरकत जातात, म्हणून ते असं दिसतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच वाटलं, की कोणीतरी रांगोळीचे ठिपके काढून ठेवलेत आणि रांगोळी काढायला विसरलंय. नखाने खरवडलं. नख झिजलं.

दुसऱ्या दिवशी गाडी पुसणाऱ्याला गाठलं. तो पहाटे सहाला येतो, एक बादली आणि एक फडकं घेऊन आमच्या विंगच्या अकरा गाड्या पुसतो. फडक्याचा मूळ रंग कोणता, हे सोसायटीत कोणालाही आठवत नाही. त्याने पट्टीकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "साहब, ये पानी का दाग है. पानी से नहीं जाता." एवढं तत्त्वज्ञान सांगून तो बादली भरायला गेला, आणि त्याच्या मागोमाग माझं लक्ष नळाकडे गेलं. नळावर सेक्रेटरींच्या अक्षरात पाटी होती: 'बोअरचे पाणी. पिऊ नये.'

म्हणजे तानसा निर्दोष होता.

योगायोगाने त्याच आठवड्यात फिल्टरचा माणूस सर्व्हिसिंगला आला. त्याच्या खिशात पेनासारखं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, असतं. ते मी दहा मिनिटांसाठी उसनं घेतलं आणि घरभर फिरलो. नळाचं पाणी 78. खाली जाऊन बोअरचं मोजलं, तर 1140. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात 500 पर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत, असं तो माणूस म्हणाला. माझी गाडी काही पाणी पीत नाही, पण हिशेब केला. 1140 म्हणजे लिटरला 1140 मिलिग्रॅम. दहा लिटरच्या बादलीत जवळजवळ साडेअकरा ग्रॅम. थोडक्यात, रोज पहाटे माझ्या गाडीवर दोन चमचे क्षार पाण्यात कालवून शिंपडले जात होते आणि त्याचे मी महिन्याला पैसे देत होतो. वर आमचं पार्किंग उघड्यावर, पूर्वेच्या तोंडाला. पाणी पुसायच्या आत ऊन येतं, पाणी उडून जातं, दोन चमचे मागे राहतात. शेजारच्या प्लॉटवर रीडेव्हलपमेंट चालू आहे, त्याची सिमेंटची धूळ वरून. याला डाग म्हणणंच चूक होतं. ते प्लास्टर होतं.

मी 78 चा आकडा दाखवणाऱ्या मीटरचा फोटो काढून मेहुण्यांना पाठवला. उत्तर आलं: "छान. आमच्याकडे खडकवासल्याचं येतं, त्यामुळे मीटर घ्यायची वेळ आली नाही."

इथून पुढे प्रश्न डागांचा राहिला नाही.

पहिला सल्ला तळमजल्यावरच्या काकांचा. टूथपेस्ट. "पांढरी घे, जेलवाली नको. माझ्या स्कूटरची रिम मी पंधरा वर्षं आरशासारखी ठेवली होती." मी रविवारी सकाळी उजव्या पुढच्या दरवाज्यावर जुन्या ब्रशने टूथपेस्ट घासली. लहानपणी आई माझे दात ज्या त्वेषाने घासायची, त्या त्वेषाने. धुतल्यावर गाडीला पुदिन्याचा वास आला आणि डाग थोडे फिके वाटले. दुपारी ऊन पडलं तेव्हा कळलं, की डाग आहेत तिथेच आहेत, फक्त त्यांच्यावर आता बारीक ओरखड्यांचं जाळं आहे. कोळ्याने विणावं तसं, गोल गोल. पुढे हेही कळलं, की बऱ्याच टूथपेस्टमध्ये घासण्यासाठी जी पूड असते ती कॅल्शियम कार्बोनेटचीच असते, आणि पाण्याच्या डागातही मुख्यतः तेच असतं. म्हणजे मी खडूने खडू पुसत होतो.

दुसरा सल्ला आईचा. ती गॅलरीतून हे सगळं बघत होती. "अरे, देवाची भांडी कशाने निघतात? चिंचेने. फ्रिजमध्ये कोळ आहे बघ वाटीत." हे पटण्यासारखं होतं. चिंच आंबट, आंबट म्हणजे आम्ल, आणि आम्लापुढे क्षार टिकत नाहीत एवढं शाळेत शिकलो होतो. वाटी घेऊन खाली गेलो, उजव्या मागच्या दरवाज्याच्या पट्टीवर कोळ जाड लेपला आणि 'जरा मुरू दे' म्हणून वर चहाला आलो. तासाभराने खाली गेलो तर पट्टी हलत होती. खरोखर हलत होती. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत लाल मुंग्यांची दुपदरी रांग, जाणाऱ्या वेगळ्या, येणाऱ्या वेगळ्या, मुलुंड चेकनाक्यापेक्षा कितीतरी शिस्तीत. वाटीतला कोळ आमटीसाठी काढलेला होता. त्यात गूळ होता.

"मला कसं कळणार तुम्ही आमटीच गाडीला लावणार ते?" बायको म्हणाली. त्या दिवशी आमटी आमसुलाची झाली.

मग मी पट्टीच नवी घ्यायचं ठरवून कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. तिथे गाडीचा कुठलाही अवयव मिळतो. दुकानदाराने मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं आणि म्हणाला, "ओरिजिनल प्लास्टिक देऊ की डुप्लिकेट प्लास्टिक?"

मी म्हटलं, "प्लास्टिक नको, स्टीलची आहे ती."

तो माझ्याकडे ज्या दयेने बघत राहिला, ती सहन न होऊन मी काहीही न घेता परत आलो.

तिसऱ्या मजल्यावर केमिस्ट्रीचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना घेऊन खाली आलो. सरांनी पट्टीवर नखाने वाजवलं. टकटक. "खणखण येतंय का? नाही. एबीएस प्लास्टिक आहे हे." आमच्या लग्नात आलेल्या चांदीच्या भांड्यांपैकी एक ताट जर्मन सिल्व्हरचं निघालं होतं (कोणाकडून आलं ते लिहीत नाही, पुण्याहून आलं होतं एवढंच), त्यानंतर पहिल्यांदाच मला असं आतून रिकामं वाटलं. सरांना माझ्या भावनांशी कर्तव्य नव्हतं. ते रंगात आले. या प्लास्टिकला आधी आम्लात बुडवून त्यावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पाडतात, म्हणजे धातूला धरायला जागा मिळते. मग तांब्याचा थर, त्यावर निकेलचा, आणि सगळ्यात वर क्रोमियमचा. तो बहुधा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी. "केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरा. म्हणजे हा थर केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ. आणि त्यावर तुम्ही काय घासलंत म्हणालात?"

मी टूथपेस्ट म्हणालो. तेवढ्यात तिथून जाणाऱ्या सेक्रेटरींनी संडास साफ करायचं लिक्विड सुचवलं. सर इतक्या जोरात "नको!" ओरडले, की वॉचमन उठला. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, डागाबरोबर पट्टीची कळाही जायची. काकांच्या स्कूटरची रिम लोखंडी होती म्हणून टूथपेस्ट पचवून गेली, हेही सरांनी काकांच्या खिडकीकडे बघत मोठ्याने सांगितलं.

"दुष्फेन पाणी, साबणाला फेस न येऊ देणारं क्षारांचं पाणी, शिकलात ना शाळेत?"

"शिकलो. मार्कही मिळाले होते."

"मग व्हिनेगर आणा. पांढरं."

मी गाडीपुढे लटकणाऱ्या लिंबू-मिरचीकडे पाहिलं. सर म्हणाले लिंबूही चालतं, पण गर चिकटतो. म्हणजे सात वर्षं दर शनिवारी मी औषध गाडीला बांधत होतो, फक्त चुकीच्या जागी.

सरांनी सांगितलेली कृती अशी, की व्हिनेगर आणि क्षार नसलेलं पाणी निम्मं निम्मं करायचं, त्यात मऊ कापड भिजवून पट्टीवर नुसतं ठेवायचं. घासायचं नाही. एक-दोन मिनिटांनी उचलायचं, हलक्या हाताने टिपायचं, लगेच साध्या पाण्याने धुवायचं आणि कोरडं करायचं. व्हिनेगर पट्टीवर सुकू द्यायचं नाही. पट्टी गार हवी, ऊन अंगावर नको. म्हणजे वेळ उरली पहाटेची, गाडी पुसणारा येण्याआधीची. राहता राहिलं क्षार नसलेलं पाणी. ते सरांनी वर बोट दाखवून सुचवलं. एसीची नळी. हवेतल्या वाफेचं झालेलं पाणी, त्यात क्षार कुठून येणार? मुंबईच्या दमट हवेत एका रात्रीत अर्धी बादली सहज जमते. मी फिल्टरवाल्याला मीटरसाठी पुन्हा बोलावलं. 11 आलं. बायको म्हणाली, "लोक गंगाजल भरून आणतात, तुम्ही एसीजल."

बुधवारी पहाटे साडेपाचला बनियन आणि जुन्या बर्मुड्यात खाली उतरलो. उकिडवा बसलो. जुन्या सुती पंचाच्या घड्या करून पट्टीवर एकेक ठेवत गेलो, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तशा. कंपाउंडमध्ये चायनीजच्या गाडीचा वास सुटला. दोन मिनिटांनी पहिली घडी उचलली. गोलाची जाड कड मऊ पडली होती, आणि पंचाच्या टोकाने टिपल्यावर ती साखरेसारखी गेली. खाली स्वतःचा चेहरा दिसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, पण स्पष्ट. मी इतका हरखलो, की डावी बाजू पुरी करून उजवीकडेही गेलो. तिथे दुसऱ्या खेपेला बरेच डाग गेले. चार-पाच राहिले ते राहिलेच. ते वाळूचे असणार असं सर नंतर म्हणाले. शेजारच्या बांधकामाची मेहेरबानी. वाळू काही व्हिनेगरने विरघळत नाही. टूथपेस्टचं जाळं तर आता अधिकच उठून दिसतंय. ती बाजू मी भिंतीकडे लावतो.

तेव्हापासून दर बुधवारी पहाटे माझं हे चालू आहे. गाडी पुसणाऱ्याला मी माझी गाडी एसीच्या पाण्याने पुसायला सांगून पाहिलं. त्याने "हां साहब" म्हटलं आणि बोअरचा नळ सोडला. म्हणून आता त्याच्या आधी उठून मीच पुसतो. पगार त्याचा चालू आहे, कारण तो थांबवला तर तो उरलेल्या दहा गाड्यांचं पाणी माझ्या गाडीपाशीच झटकेल असं बायकोला वाटतं.

गेल्या बुधवारी असाच पट्टीला घड्या लावून बसलो होतो. बी विंगमध्ये नवीन राहायला आलेल्या बाई फिरायला निघाल्या होत्या. थांबल्या. माझ्या गाडीची डावी बाजू त्यांनी वाकून पाहिली, बादली पाहिली, बनियन पाहिलं.

"काय सुंदर पुसता हो दादा तुम्ही. महिन्याचे किती घेता?"

मी हातातला पंचा पिळला. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं होतं. पण सात वर्षांत त्या पट्टीचं कौतुक कोणी केलं नव्हतं.

"पाचशे," मी म्हणालो.

"तो आमचा चारशेत करतो."

"क्रोमचे वेगळे पडतात, ताई."