काय रे म्हणाला तो?

लाखभर रुपये मोजून होम थिएटर घेतलंत, म्हणजे संवाद ऐकायची हौस तुम्हाला नाही, हे उघड आहे. ती असती तर नाटकाचं तिकीट काढलं असतंत. तेव्हा एकही शब्द कानावर पडू नये, याची तयारी नीट करू या.

सुरुवात सेंटर स्पीकरपासून. फाइव्ह पॉइंट वनमध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर अशा मांडणीत, पात्रांचं बोलणं जवळजवळ सगळं या एकट्या डब्यातून येतं. घरात माणसं सहा आणि कमावता एक, तसा हा. म्हणून त्याची सोय आधी लावा. टीव्ही युनिटच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, पार भिंतीला टेकेपर्यंत आत सरकवा. तोंड तुमच्या घोट्यांकडे हवं. पुठ्ठ्याची एक घडी पुढच्या कडेखाली सारली तर ते कानांकडे वळतं, म्हणून पुठ्ठा रद्दीतच राहू द्या. वर क्रोशाचा रुमाल, त्याची झालर पुढून जाळीवर सोडलेली, आणि रुमालावर पितळी हत्तींची जोडी. आमच्याकडे खलनायक घोगऱ्या आवाजात बोलायला लागला की डावा हत्ती झणझणतो. वाक्य समजत नाही, पण खलनायक आलाय एवढं समजतं.

स्पीकर दोनच असतील तरी हिरमुसू नका. सेटिंगमध्ये ‘सेंटर आहे’ असं ठोकून द्या. यंत्र बिचारं विश्वास ठेवतं आणि सगळे संवाद घरात नसलेल्या स्पीकरकडे इमानेइतबारे पाठवत बसतं. मागे संगीत, पाऊस, घोड्यांच्या टापा सगळं चोख. माणसं तेवढी नुसते ओठ हलवतात.

ॲम्प्लिफायरच्या खोक्यात एक चिमुकला माइक निघाला असेल. तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवला की यंत्र आपलं आपण प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजतं, पातळ्या जुळवतं. एवढा वेळ घरात शांतता लागते, म्हणून आधी कुकर लावा. तिसऱ्या शिट्टीला मोजणी सुरू.

सबवूफर मात्र कोपऱ्यातच हवा. दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज असा फुगवतात की खालच्या मजल्यावरच्या काकूंना कथानक कळावं. शब्द ओळखू येतात ते स, श, त, क अशा व्यंजनांवरून. त्यांचा जीव बराचसा 2,000 हर्ट्झच्या वर असतो आणि तोही नाजूक. त्यांच्यावर खर्जाची गोधडी टाकली की काम झालं. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, बहुतेक लोक 80 हर्ट्झवर ठेवतात. तुम्ही थेट 200 करा. मग पुरुष पात्रांच्या आवाजाचा खालचा भाग सबवूफरकडे जातो. नायक पडद्यावर, त्याचा दम शूरॅकमागे.

खोलीबद्दल फार सांगायला नको, बिल्डरने आधीच केलंय. व्हिट्रिफाइड टाइल्स, बाल्कनीची काच, उघड्या भिंती. गालिचा आणि जाड पडदे तेवढे टाळा. टाळी वाजवा, खोलीने उलट टाळी दिली की समजायचं, जमलं.

काही आगाऊ मंडळी सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने चढवतात किंवा नाइट मोड लावतात. त्याने कुजबुज वर येते आणि धमाके खाली बसतात. मग रिमोटने काय करायचं? आमच्याकडे रात्री साडेनऊला हा व्यायाम चालतो. नायिका हळूच काहीतरी सांगते, आई विचारते, “काय रे म्हणाली ती?” मी दहा सेकंद मागे जातो, आवाज 38 वरून 61 करतो. नायिका पुन्हा सांगते, पण नेमका वर मिक्सर सुरू होतो. पुन्हा मागे, 66. या वेळी “मी तुला” एवढं ऐकू येतं आणि पूल उडतो. रिमोट सोफ्याच्या फटीत असतो. आई देवाचं नाव घेते, ते मात्र स्वच्छ ऐकू येतं.

शेवटी सबटायटल्स लावली. घरात निवांतपणा येणार, इतक्यात खालचा कप्पा नव्या सेट-टॉप बॉक्सला लागला आणि सेंटर वर, टीव्हीच्या पुढ्यात आला. रुमालासकट, हत्तींसकट. आता अक्षरांच्या मधोमध दोन सोंडा असतात. परवा आई चष्मा पुसत उठली, वाकून डावीकडून बघितलं, मग उजवीकडून, आणि म्हणाली, “आता वाचूही देऊ नकोस.”