‘बासच नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

बॉस्टनच्या ‘द ड्रेस्डन डॉल्स’ या दोघांच्या बँडवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक बेसूर’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, मावलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या अल्बमचं साल चुकलंय, दोन-तीन अल्बमच्या जिवावर ‘कारकीर्द’ कसली, गायिका-पियानोवादक अमांडा पामरच्या नादात मी ड्रमर ब्रायन विग्लिओनीला एका वाक्यात उरकलं, जर्मन नाटककार ब्रेख्टचं नाव घेण्याची यांची लायकी नाही. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: “बासच नाही, म्हणून आवाज पोकळ, तो झाकायला तोंडाला चुना फासलाय आणि तुमच्यासारखे भाट टाळ्या पिटतायत. कान तपासून घ्या.”

साल चुकलं, मान्य. मी २००४ लिहिलं होतं. ते रोडरनर या रेकॉर्ड कंपनीने अल्बम पुन्हा काढला ते साल. दोघांनी तो स्वतःच्या ‘एट फूट रेकॉर्ड्स’वर २००३ मध्येच काढला होता. दुरुस्ती केली आहे, आभार. पण एवढंच सांगायचं तर एक ओळ पुरली असती. ‘भाट’ कशाला? मतभेद असू द्या, पण पाहुण्याने चपला घालून माजघरात यायचं का?

चुन्याचंही एकदा ऐकून घ्या. बँड निघाला २०००च्या सुमाराला. त्याच्या आधीपासून पामर हार्वर्ड स्क्वेअरमध्ये क्रेटवर उभी राहून, नवरीचा झगा आणि पांढरा चेहरा अशी जिवंत पुतळा व्हायची. कुणी पैसे टाकले की पुतळा हलायचा आणि त्याला फूल द्यायचा. ती आठ फुटी नवरी, म्हणून कंपनीचं नाव ‘एट फूट’. तेव्हा चुना आधीचा आहे आणि बँड नंतरचा. जो आवाज अजून जन्मालाच आला नव्हता, त्याचा पोकळपणा झाकायला तो कसा फासला असेल?

आता बास, म्हणजे बँडमधला खर्ज सांभाळणारी गिटार. बास गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या जुळणीत ई सुराला लावतात, साधारण ४१ हर्ट्झ. ८८ पट्ट्यांच्या पियानोची अगदी डावीकडची पट्टी ए, २७.५ हर्ट्झ. त्या पट्टीला सा धरलात तर बासची जाड तार तिच्या पंचमावर येते. म्हणजे खर्ज कुणाचा खोल? या बँडमध्ये बास वाजवायला वेगळा माणूस ठेवलेला नाही, एवढं खरं. ते काम पामरचा डावा हात करतो.

यात खरी अडचण आहे, पण ती तुम्हाला दिसलेली नाही. बासच्या तारेवर सूर बराच टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडली की पुढच्या क्षणापासून आवाज उतरणीला लागतो. टिकवायला पेडल दाबून धरलं तर खालचे सूर एकमेकांत कालवून नुसता चिखल होतो. म्हणून पेडल झटपट सोडायचं, खालचा सूर सप्तकाच्या जोडीने पुन्हा पुन्हा ठोकायचा, आणि दोन ठोक्यांमधली फट फ्लोअर टॉमने, म्हणजे जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमने, भरायची. त्यातही पायाने वाजवायच्या किक ड्रमचा धमका बहुधा ५० ते ८० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे नेमका डाव्या हाताच्याच गल्लीत. दोघं एका क्षणी पडले तर एक भक्कम ठोका ऐकू येतो. किंचित मागेपुढे झाले तर दोन्ही फुसके. म्हणून मंचावर ड्रमसेट मागच्या भिंतीला ढकललेला नसतो. तो पामरच्या बरोबरीने पुढे असतो आणि दोघं एकमेकांचे हात बघत वाजवतात.

त्यांचं ‘कॉइन-ऑपरेटेड बॉय’ घ्या. नाणं टाकून चालणाऱ्या खेळण्याचं गाणं. मधेच यंत्र अडकतं, घासलेल्या तबकडीसारखी तीच तुकडी पुन्हा पुन्हा ठेचकाळते. गळा, दोन्ही हात आणि चारही अवयवांनी वाजणारा ड्रम, सगळ्यांनी एकाच जागी अडकायचं आणि एकाच जागी सुटायचं. अर्धी मात्रा कुणी लवकर सुटलं की ती गंमत न वाटता चूक वाटते. हे पोकळ आवाजाने होत नाही.

मग तुम्हाला पोकळ का ऐकू आलं? अठरा वर्षं मी साउंडच्या टेबलामागे बसतो (कान तपासायला सांगितलंत म्हणून सांगावं लागतंय), आणि अशा जोडीचा घात कुठे होतो ते ठाऊक आहे. कीबोर्डच्या चॅनेलला सवयीने १०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर कापणारी चाळणी) लावला जातो, कारण एरवी खालचं सगळं बास सांभाळतो. इथे त्या एका बटणाने अर्धा बँड गायब होतो. किंवा कीबोर्डमधले पियानोचे डावे-उजवे (स्टिरिओ) आवाज मोनोत, म्हणजे एकाच वाटेत, एकत्र केले जातात, डावी-उजवी बाजू एकमेकींना काही ठिकाणी खाऊन टाकते आणि पियानो पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. प्रेक्षकांतून टिपलेल्या व्हिडिओंत दोन्ही सापडेल. आणि ते फोनच्या स्पीकरवर ऐकलंत तर २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच पोचत नाही. रात्री पावणेदोनला प्रतिक्रिया लिहिणारा माणूस कशावर ऐकत असेल, याचा अंदाज मी बांधत नाही.

बाकीचं भराभर. कारकीर्द: २००३ मध्ये बॉस्टनची डब्ल्यूबीसीएन रंबल ही बँडची स्पर्धा जिंकली, २००५ मध्ये नाइन इंच नेल्स या रॉक बँडसोबत दौरा, २००६ मध्ये ‘येस, व्हर्जिनिया’ हा अल्बम, २००८ मध्ये मागे उरलेल्या गाण्यांचा ‘नो, व्हर्जिनिया’, मग फारकत, २०१० मध्ये पुन्हा एकत्र. याला कारकीर्द म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द सुचवा.

विग्लिओनीबद्दल: नाइन इंच नेल्सच्या ‘घोस्ट्स’ अल्बममध्ये त्याचे ड्रम आहेत, पुढे काही वर्षं तो व्हायोलंट फेम्स या बँडमध्ये होता. लेख बँडचा होता, त्याच्या चरित्राचा नव्हता.

आणि ब्रेख्ट. ‘ब्रेख्टियन पंक कॅबरे’ हे नाव त्यांनी स्वतःच लावून घेतलं, नाहीतर वर्तमानपत्रांनी ‘गॉथिक’ म्हणून शिक्का मारला असता. पामरचा कीबोर्ड कर्झवाइल कंपनीचा. पाटीवरच्या झेडच्या जागी टी आणि शेवटी आणखी एक एल, की त्याचं ‘कुर्ट वाइल’ होतं. १९२८ साली बर्लिनमध्ये ब्रेख्टच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’ला संगीत देणारा तोच. ‘लायकी’ काढायचीच असेल तर घरापासून सुरू करा: त्याच नाटकावरून पु. लं.नी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला, १९७८ मध्ये जब्बार पटेलांनी तो बसवला आणि त्यात नंदू भेंडे चक्क रॉक गायले. त्यांचीही लायकी नव्हती का?

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, ‘भाट’सकट तिथेच आहे. हेडफोन लावून त्यांचं ‘हाफ जॅक’ हे गाणं शेवटपर्यंत ऐका, सगळं लक्ष डाव्या हाताकडे ठेवून. मग हवं तर पुन्हा लिहा.